कुंपणाकडचं मूळ

शिंप्याच्या मनगटावरचा वाळलेला लेप कंपाउंडर कोमट पाण्यानं सोडवत होता. खाली नायटा दिसायला हवा होता. दिसले ते पाण्यानं टच्च भरलेले फोड आणि भोवती लालभडक कातडी.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. झाडपाला देणारी माणसं हा त्यांचा आवडता विषय, आणि नऊ वर्षं हाताखाली काढलेल्या कंपाउंडरला तो पाठ होता. दर वेळी तो मूग गिळून पट्टी बांधत राही. आपली आई घरी नायट्याचं औषध देते, हे त्यानं इथे कधी सांगितलं नव्हतं.

"कोणी दिलं हे?" बाईंनी विचारलं.

शिंप्यानं कंपाउंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच कुंपणाजवळून उपटलं, मीच वाटलं, असं तो म्हणाला. तो कंपाउंडरच्याच गल्लीतला. कपडे उद्या नक्की मिळतील एवढं एक सोडलं, तर तो कधी खोटं बोलत नसे.

लेपात मुळाचे बारीक तुकडे होते. कंपाउंडरनं एक चिमट्यानं उचलून निरखला. आई गजकर्णीचं मूळ देते. हे चित्रकाचं होतं. दोन्ही झुडपं एकाच कुंपणाला वाढतात, दोन्हींना पांढरी फुलं येतात, पण चित्रकाच्या कळ्या हाताला चिकटतात आणि त्याचं मूळ कातडी भाजून काढतं. चाळीस वर्षांत आईच्या हातून असं झालं नव्हतं. हल्ली दारात उभं राहिलेलं माणूस ती आवाजावरून ओळखायची. त्यानं ते वयावर ढकललं होतं.

बाई हात धुवायला वळल्या, तसं त्यानं शिंप्याला हळूच विचारलं, आईकडे आणखी कोणी होतं का. होती, शिंपी म्हणाला, कंडक्टरची बायको. धाकटीच्या गालावर चट्टा आलाय. आज शाळेतून आली की लावणार होती.

शाळा सुटायला अर्धा तास होता. गप्प बसला असता, तर आईचं नाव राहिलं असतं आणि बहुधा त्याची नोकरीही.

"मॅडम," तो म्हणाला, "ते औषध माझ्या आईनं दिलंय."

बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यानं मुलीचंही सांगून टाकलं. कंडक्टरचं घर मला माहीत आहे, असं म्हणत शिंपी अर्धी पट्टी लोंबत असतानाच जिना उतरला.  बाईंनी आपला फोन कंपाउंडरपुढे धरला आणि आणखी कोणाला दिलंय ते आईला विचारायला सांगितलं.

दोघांनाच, आई म्हणाली. शिंपी आणि कंडक्टरची बायको.

"का रे? शिंप्याला गुण आला का?"

 आईच्या आवाजात उत्सुकता होती, तीच त्याला सोसवत नव्हती.

"आई, ती गजकर्णी नव्हती. चित्रक होता."



"तरीच," ती म्हणाली. "कळ्या बोटांना चिकटत होत्या. मला वाटलं, माझीच बोटं चिकट झालीत."