पोरं तगलेला पाळणा

तुर्सुनायनं पाळण्याखालचं मडकं ओढून काढलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि विचारलं, "या रेघा कसल्या, विहीणबाई?"

मडक्याच्या आतल्या अंगाला खिळ्यानं ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या. मुकद्दसनं मांडीवरच्या लेकीला, ओयजमोलला, जवळ ओढलं. तिची सासू रोबिया चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही.

"कुंभाराच्या असतील."

"कुंभार आतून कशाला ओढेल?"

पाळणा तुतीच्या लाकडाचा, दांडी हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. बाळाला त्यात पट्ट्यांनी बांधून निजवायचं, मांड्यांमध्ये लघवीसाठी लाकडी नळी ठेवायची. तिचं खालचं टोक गादीच्या भोकातून मडक्यात. लंगोट भिजत नाही, पोर रडत नाही. या घरातली सगळी अशीच वाढली.

"तुमच्या लेकीची पहिली दोन राहिली नाहीत," तुर्सुनाय म्हणाली. तिचा हा तिसरा नातू बारा दिवसांचा होता. "नवा पाळणा तुम्ही आणालच हो, रीतच आहे. पण मला पोरं तगलेला हवा. म्हणून आधी बघायला आले."

"सहा तगली यात. ही सातवी."

"हिचंच विचारतेय. उन्हाळ्यात हिची लघवी बंद झाली होती ना?"

"झाली होती. सुटली."

"तुम्ही थांबा, विहीणबाई." तुर्सुनाय मुकद्दसकडे वळली. "तू सांग गं. आईला खरं ठाऊक असतं. पोर पुरती बरी झाली?"

नऊ दिवस थेंब नव्हता. आधी रक्ताचे जुलाब, मग किडन्याच थांबल्या. शहरातल्या डायलिसिसच्या यंत्रानं पोर जगवली. घरी आणल्यावर मडक्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत मुकद्दस पाळण्याशी बसून राहायची. महिनाभर लघवी मोजा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. महिना कधीच सरला. ती मडक्यातल्या त्या रेघांवर मोजतच होती. मागच्या तपासणीत लघवीतून थोडी प्रथिनं जाताना दिसली. घाबरू नका, पण सोडूही नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दर तीन महिन्यांनी लघवी तपासायची, रक्तदाब बघायचा, पोर मोठी होईपर्यंत.

"पण बरी झाली ना?" मुकद्दसनं तेव्हा विचारलं होतं.

"आज बरी आहे," त्या म्हणाल्या होत्या.

"बरी आहे," मुकद्दस तुर्सुनायला म्हणाली. त्यातला 'आज' तिनं गिळला.

तुर्सुनायनं ओयजमोलचा गाल ओढला. "हे बघा, तंदूरमधून आत्ता काढलेली रोटी! मग उगाच दवाखाना दवाखाना करू नका. पोरीला एकदा दुखणाईत म्हणायला लागले की ते नाव पुसत नाही. उद्या मोठी होईल, तेव्हा माझ्यासारखीच एखादी बघायला येईल, आणि ती काय पाळणा बघणार नाही."

चहा संपवून ती उठली. पाळणा न्यायला उद्या मुलाला गाडी घेऊन पाठवते म्हणाली.

ती गेल्यावर रोबिया मडकं घेऊन अंगणात बसली. ओली वाळू मुठीत घेऊन आतून घासू लागली. रेघा काही जाईनात.

मुकद्दस पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "आई, मी खोटं बोलले. वन्संच्या बाळाला काही झालं तर?"

"लाकडाला काय कळतं?" रोबिया वर न बघता म्हणाली. "मीही तगलेलीच मोजून सांगितली. निजवलेली नाही."

या घरातल्या गेलेल्या पोराबद्दल मुकद्दसला कधी कुणी सांगितलं नव्हतं. पोरीला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "सोमवारी तपासणी आहे."

"माहितीय. जाऊ की. कुणी विचारलंच, तर सांग, माझे डोळे दाखवायला निघालोय."

"आणि तीन महिन्यांनी?"

"म्हातारीचे डोळे एकदा दाखवून भागतं होय?"

"ही मोठी होईपर्यंत जायचंय, आई."

रोबियानं हातावरची वाळू झटकली. ओयजमोलकडे पाहिलं, दाढा यायच्या म्हणून पोर स्वतःची मूठ चावत होती.

"मी पुरेन तेवढी पुरेन," ती म्हणाली. "पुढं तू तुझं एखादं दुखणं शोधून ठेव."