चढावरचा आवाज

"चढावर ॲक्सिलेटर दिला की गाडी नुसती बोंबलते," दाजी दर सर्व्हिसिंगला म्हणायचे. मी गाडीखाली शिरायचो. सायलेन्सरच्या सांध्याला भोक होतं, दहा मिनिटांचं वेल्डिंग. तरी बाहेर येऊन सांगायचो, "इंजिनचाच आवाज आहे, दाजी. चालायचंच."

ते भोक बुजवू नको म्हणून ताईनंच हात जोडले होते. घरापुढच्या चढावर आवाज आला की दाजींनी कमरेचा पट्टा काढायच्या आत पोरांना मागच्या दारानं शेजारी धाडायला तिला तेवढाच वेळ मिळायचा.

आज दाजी गॅरेजसमोर येऊन थांबले, तरी गाडी आल्याचं मला कळलं नाही. काच खाली करून ते हसले.

"काल दुसरीकडं वेल्डिंग करून घेतलं. घरी गेलो तर तुझ्या ताईला पत्ताच नाही. मी दारात, आणि पोरं आपली जेवतायत."