परवडतं कुणाला

वकिलाचा सगळा खर्च ज्ञानेशकडून वसूल करावा, असा हुकूम झाला. पण ते सोडा. असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

किलकेनी या आयरिश शहराच्या कोर्टात ज्ञानेश उभा होता. शेजारी साताऱ्याहून आलेले नाना, डोक्यावर माकडटोपी. आरोप असा, की भल्या सकाळी शेजाऱ्याच्या काचघरात शिरून पूजेसाठी फुलं तोडली. शेजाऱ्याने ती प्रदर्शनासाठी जपलेली. तुरुंगाची टांगती तलवार होती, म्हणून सरकारने स्वतःच्या खर्चाने डोनल नावाचा वकील नेमून दिला होता.

"आत का शिरलात?" जजबाईंनी विचारलं.

नाना कानाशी पुटपुटले, "आरं, सांग की. दार उघडंच व्हतं. देवाच्या फुलाला चोरी म्हनत न्हाईत आमच्यात."

"दार उघडंच होतं," ज्ञानेश म्हणाला. "देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत आमच्यात."

"आमच्यात म्हणतात," जजबाई म्हणाल्या. "बरं, या वकिलाचा खर्च तुम्हाला परवडेल?"

डोनलने डोळे मिटले. नानांनी मात्र छाती फुगवली. "परवडतं म्हन! भिकारी हाय का आपन? दोन बंगले हायत म्हनावं."

ज्ञानेशच्या डोळ्यांपुढून टॅला उपनगरातली त्याची भाड्याची खोली सरकून गेली. खिडकी उघडायची तर पलंग हलवावा लागे. पण काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही, अशी शपथ घेतलेली.

"परवडतं," तो म्हणाला. "भिकारी नाही मी. माझे दोन बंगले आहेत."

"तुमचं नाव?" कारकुनाने थेट त्याच्याकडे बघत विचारलं.

नाना टोपी सारखी करत होते. ज्ञानेशने सवयीने स्वतःचं नाव सांगितलं. जजबाईंनी लगेच हुकूम वाचला.

"थांबा!" तो ओरडला. "मी फुलं तोडलीच नाहीत! बंगले तर दूरच!"

"आत्ताच कबूल केलंत."

"तो मी नव्हतो!"

"असं सगळेच म्हणतात."

"निदान माझं ऐकून तरी घ्या!"

"सकाळपासून तुमचंच तर ऐकतेय," जजबाई म्हणाल्या आणि उठल्या.

डोनलने त्याचा खांदा दाबला. "यू आर ग्रँड," म्हणजे तिकडच्या बोलीत 'काळजी नको', असं तो म्हणाला आणि निघून गेला.

"लई झ्याक बोललास," नाना म्हणाले. "नाव काय रं पोरा तुझं?"

ज्ञानेशने तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला: 'महोदया, मी आरोपी नसून कोर्टाने बोलावलेला मराठी दुभाषा आहे. आरोपीचं बोलणं "मी" लावूनच सांगावं, असा आमचा नियम आहे. तरी पुढल्या तारखेला मी "मी" म्हणेन, तेव्हा तो मीच आहे, असं कोर्टाने कृपया गृहीत धरावं, ही नम्र विनंती.'