फादरची आंघोळ

धारणीकडच्या मिशनातल्या वारलेल्या फादरले रोमवाले संत ठरवनार, म्हून त्यायची कबर उकरली. हाडं धुवाले डॉक्टरनं थंड पानी काढलं, तं मनकर्णा कढत पान्याची बालटी घेऊन आडवी आली. फादर होते तोवर त्यायचं रांधनं तिच्याकडंच होतं. "थंड पान्यानं त्यायले खोकला येते!" "आजी, हाडाईले थंडी नसते वाजत," डॉक्टर हासला. "तुमाले कोनं सांगतलं? जित्तेपनीबी फादर थंडी वाजते म्हून कदी बोलले नाई. मीच वयखत होती." सारे कबरीपाशी उभ्या बिशपसायबाकडं पाहाले लागले. आता आपल्याले हाकलतीन, या भेवानं मनकर्णानं बालटीची कडी घट्ट धरली. बिशपसायबानं बाह्या सारल्या, बालटीत हात घातला आन् झटकन काढला. "माय, लय कढत हाये. फादरले चटका बसन!" मंग त्यायनं डॉक्टरचंच थंड पानी उचलून बेताबेतानं बालटीत इसन टाकलं.