करकचून ब्रेक

पुंडलिकनगरातल्या घरी बसचे निवृत्त ड्रायव्हर सोनाजी आणि त्यांची नात प्रेरणा टीव्हीवर मोटार रॅलीचा गेम खेळत होते. हरेल त्यानं रात्रीची भांडी घासायची, अशी पैज लागलेली. चिखल तुडवत, दगडधोंडे चुकवत सोनाजींची गाडी पार पुढं निघाली. जिंकायला हातभर अंतर उरलं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. प्रेरणाची गाडी सुसाट पुढं गेली.

"आबा, थांबलात कशाला?"

पडद्यावरच्या बघ्यांकडं बोट दाखवत सोनाजी म्हणाले, "अगं, ती बाई हात करायली ना! लेकरू बी हाय कडंवर."

 

स्वयंपाकघरातून प्रेरणाची आजी वच्छलाबाई कडाडल्या, "तुझ्या बापाला कडंवर घेऊन मी दौलताबादच्या फाट्यावर भर उन्हात हात करीत व्हते, तवा थांबवली व्हती का बस, इचार त्यांना!"