डब्यावरच्या रेघा

डबा पुन्हा हलका लागला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. आतलं लेसिथिन सावकाश एका बाजूला सरकलं आणि तळाशी जाऊन बसलं.

“परवाच तर नवा आणला होता,” तो बायकोला म्हणाला. “कुणीतरी हात मारतंय यावर.”

“संपत असेल हो.” ती ओट्याशी दूध तापवत होती. “चहा घ्या आधी.”

ओट्यावर एक उष्टा कप पडला होता. हल्ली ही आधी स्वतःचा उरकून घेते, म्हाताऱ्याला वाटलं. पूर्वी थांबायची.

लेसिथिन हे तिचंच खूळ. काकडीच्या वेलावर भुरीची पांढरी बुरशी पडली की तो जन्मभर गंधक मारत आला होता. पण गेल्या वर्षी ती अडून बसली. गंधक घरात नको म्हणजे नको. मग सोयाबीनच्या तेलातून निघणारं हे तपकिरी, मधासारखं घट्ट प्रकरण आलं. कोमट पाण्यात घुसळायचं, पंपात ओतायचं, पानाच्या दोन्ही अंगांना बसेल असं मारायचं.

“खाण्याच्या वस्तूंतसुद्धा घालतात ते,” ती म्हणाली होती. “चार वेळा मारलं तरी पान जळत नाही, की तुमच्या छातीला काही होत नाही.”

“चार वेळा कशाला मारायचं? आठवड्यातून एकदा पुरे.”

तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं होतं.

म्हातारा थकला होता. गुडघे कुरकुरत होते, पाठ वाकायला तयार नव्हती. काकडीचं पॉलिहाऊस विकून टाकावं आणि खुशाल खुर्चीत पडून राहावं, असं रोज मनात यायचं. पण मुलगा होता ना. शहरात गेला तो गेलाच. ना फोन, ना भेट. तरी एक दिवस येईल, आणि येईल तेव्हा त्याच्या हातात हिरवंगार पीक द्यायचं, एवढ्यासाठी म्हातारा अजून उभा होता. हा विषय निघाला की बायको गॅस बारीक-मोठा करत बसायची.

त्याने बूट चढवले. ते आतून ओले होते. गड्याने घातले असणार, दुसरं कोण!

गडी काही दिवसांपूर्वीच ठेवलेला. चाळिशीचा, अबोल. डाव्या अंगठ्याला कात्री लागली होती, त्यावर निळी चिंधी. सारखा पाठीमागे घोटाळायचा. “मालक, राहू द्या, मी मारतो,” म्हणून खांद्यावरचा पंप काढून घ्यायचा. इतकी काळजी फुकट कोण करतं? म्हाताऱ्याला पहिल्यापासून त्याचा संशय होता.

आज खूण करून ठेवू, म्हणून त्याने खिशातून खडू काढला आणि डबा उजेडाकडे फिरवला. डब्यावर रेघा होत्या. एकीखाली एक, पांढऱ्या खडूच्या. म्हाताऱ्याचा संताप झाला. चोरी ती चोरी, वर मापही ठेवतो!

तो डबा घेऊन तरातरा पॉलिहाऊसमध्ये गेला. गडी वेल बांधत होता. पंपाच्या नळीतून अजून थेंब गळत होते. पानं खालून-वरून चमकत होती.

“कुणी मारलं हे?”

“दमट हवा आहे, मालक. पानं पाणी धरतात.”

“आणि या रेघा?”

गड्याने रेघांकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खडूने तो खिसा पार पांढरा झाला होता.

“माझं चुकलं,” गडी म्हणाला.

“म्हणजे तूच?”

“मीच.”

“माझ्या मुलासाठी जपतोय रे हे सगळं! त्याच्या तोंडचा घास काढतोस?” म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. “नीघ. पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

गड्याने खिळ्यावरची टोपी घेतली आणि गेला. हात जोडेल, बायका-पोरांची नावं घेईल, अशी म्हाताऱ्याची अटकळ होती. तसं काही झालं नाही. म्हाताऱ्याला उगाच वाईट वाटलं.

बायको दारातच उभी होती. “काढलंत त्याला?”

“काढलं.”

“बरं.” तिने आत जाऊन आणखी एक कप चहा ओतला आणि त्यावर बशी झाकून ठेवली.

म्हातारा व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकला. बूट काढायचंही त्राण नव्हतं. डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. पायरीशी कुणीतरी उभं होतं, टोपी हातात धरून.

“मालक, काही काम मिळेल का?”

म्हाताऱ्याने त्याला खालून वर न्याहाळलं. गडी तर हवाच होता. आधीच्याला काढलं होतं, कधी ते नेमकं आठवेना. हा माणूस थकलेला दिसत होता, डोळे लाल होते, पण चेहरा बघताक्षणी आवडावा असा. कुणासारखा तरी. डाव्या अंगठ्याला निळी चिंधी. हल्ली कुणाला कात्रीसुद्धा धड धरता येत नाही, म्हाताऱ्याच्या मनात आलं.

“माझ्याकडे चोरी चालणार नाही.”

“नाही करणार.”

“माझा मुलगा येईपर्यंतच ठेवीन. तो आला की तुझं काम संपलं.”

माणसाने मान हलवली. तो पायरीवर बसला आणि काही न विचारता म्हाताऱ्याच्या ओल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. दारात बायको येऊन थांबली. तिच्या हातात बशी झाकलेला कप होता.

“भुरीवर आम्ही लेसिथिन मारतो,” म्हातारा म्हणाला. “गाठी होतात त्याच्या. कालवता येतं का तुला?”

माणसाचे हात नाड्यांवर थांबले.

“येतं,” तो म्हणाला. “आज सकाळीच शिकवलंत तुम्ही, बाबा.”