डाव्या कडेचा ठिपका

तिसऱ्यांदा तपासूनही अहवाल तोच आला. ताईंच्या रक्तातल्या पेशी वाढवलेल्या डिशमध्ये पुरुषाच्या पेशी होत्या.

निरोगी माणसाचं रक्त लागलं, की प्रयोगशाळेत कुणी बाहेर शोधत बसत नसे. ज्याचा हात पुढे येईल त्याचं घ्यायचे. या वेळी तिथल्या जुन्या तंत्रज्ञ ताईंचा आला होता. रक्तातल्या पेशी अगदी कोऱ्या करायच्या आणि मग त्यांना हृदयाच्या पेशी व्हायला शिकवायचं, असं ते काम.

"दाढी, तूच शिंकलास ना तिथे?"

"शपथ, ताई. मास्क होता तोंडावर."

"आणि मास्कबाहेरच्या त्या जंगलाचं काय?"

दाढी म्हणजे त्यांच्याच टेबलावर पीएचडी करणारा विद्यार्थी. तो हसला, पण हसू काही टिकलं नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी काल तिथल्या सगळ्या पुरुषांच्या गालाच्या आतून नमुने घेतले होते. ज्याचा नमुना डिशमधल्या पेशींशी जुळेल तो प्रकल्पातून बाहेर, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. निकाल आज दुपारी यायचा होता.

"माझं काही खरं नाही आता," दाढी म्हणाला. "चार वर्षं पाण्यात."

"जेवून घे आधी. उपाशीपोटी अक्कल चालत नाही तुझी."

तो सत्तावीस वर्षांचा होता. ताईंचा मुलगा असता, तर तोही एवढाच असता. सातव्या महिन्यात झाला आणि दोन तासांत गेला. सासूबाई म्हणाल्या, बघू नकोस, माया लागेल. ताईंनी ऐकलं. माया लागायची ती लागलीच, फक्त तिला चेहरा मिळाला नाही. बसमध्ये या वयाचा कुणी शेजारी बसला, की त्या त्याचे कान बघत, नखं बघत. एकदा बघायला हवं होतं, असं त्यांना रोज वाटायचं. नवऱ्यापाशी बोलायची सोय नव्हती. तो विषय काढला की तो उठून नळ बंद आहे का ते बघायला जायचा.

म्हणून त्या दाढीवर ओरडायच्या, त्याच्या डब्यात डोकावायच्या. त्याला हाकलून लावलेलं त्यांना बघवलं नसतं.

दाढी जेवायला गेला. ताईंनी डिश मायक्रोस्कोपखाली धरली. डाव्या कडेचा पेशींचा एक ठिपका बाकीच्यांच्या तीन दिवस आधी धडधडायला लागला होता. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्याही आधी त्या त्याला बघायच्या. परक्या पेशी नेमक्या त्यातच निघाल्या, याचं त्यांना वाईट वाटलं.

डिश नष्ट करून चूक कबूल केली, की चौकशी तिथेच मिटते, हा इथला नियम होता. ताईंनी वहीत लिहिलं: झाकण उघडं राहिलं, चूक माझी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं खोटं पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर मात्र नेहमीसारखंच आलं.

मग त्यांनी ब्लीच ओतलं. ठिपका आणखी चार-पाच वेळा हलला आणि थांबला. डिश धुऊन त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत टाकली, हात पुसले.

तेवढ्यात मॅडम कागद घेऊन आत आल्या.

"ताई, दाढी सुटला. इथल्या एकाही पुरुषाशी जुळत नाही."

ताईंचा जीव भांड्यात पडला. वही पुढे करायला त्यांनी हात उचलला.

"अर्धा नमुना जुळतो, तो तुमच्याशी," मॅडम म्हणाल्या. "पोटातल्या बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. काही तर जन्मभर तिथेच राहतात. तुम्हाला मुलगा झाला होता, हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

ताईंचा हात वहीवरच राहिला. मॅडमनी खुर्ची मायक्रोस्कोपपाशी ओढली आणि शेजारी दुसरी ठेवली.

"आणा ती डिश. दोघी मिळून बघू."